सायकलची मोटर, साडेसात इंची रूळ आणि आमची कामाची ट्रॉली: दोन हंगाम वापरल्यानंतर

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. इलेक्ट्रिक सायकलसाठी विकलं जाणारं २४ व्होल्ट, ३५० वॅटचं गिअर मोटरचं किट मी आमच्या छोट्या रेल्वेच्या देखभालीच्या ट्रॉलीला लावलं. त्याला आता दोन हंगाम झाले. मोटर उत्तम आहे आणि या कामासाठी मी ती पुन्हा डोळे झाकून घेईन. तिच्यासोबत पेटीत जे बाकीचं येतं, म्हणजे चेन, फ्रीव्हील, कंट्रोलर आणि हँडलची ग्रिप, त्यातलं बरंचसं बदलावं लागतं. काही गोष्टी तर बदलल्याशिवाय ट्रॉली रुळावर ठेवूच नये. ते का, हे सविस्तर लिहिते आहे, कारण किट घ्यायच्या आधी मला कुणी हे सांगितलं असतं तर एका शनिवारी माझ्या काळजाचा ठोका चुकला नसता.

रेल्वे कसली, ते आधी. मी दक्षिण ओरेगॉनमध्ये राहते. इथल्या एका हौशी रेल्वे क्लबची मी सभासद आहे. दोन रुळांमधलं अंतर साडेसात इंच, इंजिनं खऱ्याच्या एक अष्टमांश आकाराची, डब्यांवर माणसं घोड्यावर बसल्यासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात हे गेज साडेसात इंचांचं, तर ईशान्येकडे आणि इंग्लंडमध्ये सव्वासात इंचांचं. त्यामुळे चाकं मागवताना एवढी पाव इंचाची चौकशी केलीच पाहिजे. आमच्याच राज्यात चिलोक्विन गावाजवळ ट्रेन माउंटन म्हणून जागा आहे. तिथे या गेजचे ३६ मैलांहून जास्त रूळ पाइनच्या जंगलात पसरलेले आहेत आणि २००४ साली गिनीजने त्याची नोंद घेतली. आमचा क्लब त्यापुढे अगदी लहान: दीड मैल रूळ, एक पूल, दोन बोगद्यांसारखे आडोसे आणि एक चढ.

दीड मैल ऐकायला थोडं वाटतं. पण रूळ लहान असला म्हणून त्याचं दुखणं लहान होत नाही. उन्हाळ्यात रूळ लांबतात, गोफर नावाचे बिळं करणारे उंदीर खडीखालची माती पोखरतात, ओकची मुळं स्लीपर वर उचलतात, पावसाळी हिवाळ्यात सांधे बसतात. खऱ्या रेल्वेला जे लागतं ते सगळं इथेही लागतं: खडी टाकणं, स्लीपरखाली ती ठासून पॅकिंग करणं, सांधे जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट आवळणं, वळणावर गेज तपासणं, रुळावर ओथंबलेल्या फांद्या छाटणं. आमच्यात कामाला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे. आधी खडी एकचाकी हातगाडीतून न्यायचो. एका खेपेला पन्नास किलो, आणि चढावर ती हातगाडी ढकलताना पाठ मोडायची. म्हणून मी ट्रॉली बांधायची म्हटलं, आणि आमच्या रोडमास्टरांनी मान डोलावली. रोडमास्टर म्हणजे आपल्याकडचा पीडब्ल्यूआय, रुळांची देखभाल बघणारा पी-वे इन्स्पेक्टर.

हा शब्द माझ्या घरातला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, इगतपुरीला पी-वे इन्स्पेक्टर होते. रेल्वे कॉलनीत लहानपण गेलं, त्यामुळे ढकलायची ट्रॉली मी पहिल्यांदा कधी पाहिली ते आठवतच नाही, इतकी ती रोजची होती. लाकडी बाक, वर भली मोठी छत्री, लाल झेंडा, आणि चार ट्रॉलीमन. दोघं अनवाणी, रुळावरच पावलं टाकत धावत ढकलायचे आणि वेग आला की टुणकन उडी मारून मागे बसायचे. गाडीची वेळ झाली की सगळे मिळून ट्रॉली उचलून रुळाबाहेर घ्यायचे. कसारा घाटातला चढ १ इन ३७ आहे, म्हणजे ३७ फुटांत एक फूट. वर येणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. अण्णा म्हणायचे, घाटात ट्रॉली ढकलायची काळजी नसते, आवरायची असते. मी हे बेत सांगायला फोन केला तेव्हा ८४ वर्षांच्या माणसाने मोटर किती वॅटची, बॅटरी कुठली, काही विचारलं नाही. म्हणाले, "अगं, आधी ब्रेक बसव. मग बाकीचं."

मी तसंच केलं. आज हे लिहिताना त्या एका वाक्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

पेट्रोल इंजिन का नाही, असं क्लबात बऱ्याच जणांनी विचारलं. अमेरिकेत या ट्रॉलीचा जुना मोटारवाला अवतार प्रसिद्ध आहे. मिनेसोटातल्या फेअरमाँट गावच्या कंपनीच्या मोटर कार एकेकाळी देशभर रुळावर काम करणाऱ्यांची गँग घेऊन धावायच्या. एका सिलिंडरचं इंजिन आणि त्याचा तो पट-पट आवाज. पुढे रस्ता आणि रूळ दोन्हींवर चालणारे ट्रक आले, रेल्वे कंपन्यांनी त्या गाड्या काढून टाकल्या, आणि आता हौशी लोक त्या विकत घेऊन जिवापाड सांभाळतात. मलाही तो आवाज आवडतो. पण आमच्याकडे जुलैपासून गवत वाळून काडी होतं, वणव्याचा मोसम लागतो, आणि त्या दिवसांत ठिणगी उडेल असं काहीही क्लबात चालत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. देखभालीच्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला रूळ ऐकू आला पाहिजे.

याचा अनुभव फार छान आला. पहिल्या उन्हाळ्यात मी फोन ट्रॉलीच्या पुढे टांगून अण्णांना व्हिडिओ कॉलवर फेरी मारून आणली. ते डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात म्हणाले, "थांब. आत्ता गेला तो सांधा बसलाय. आधीचे कट-कट वाजले, हा धप वाजला." मी उतरले, रुळावर सरळ पट्टी ठेवली. सांधा एक अष्टमांश इंच खाली होता. खडीखाली गोफरचं बीळ निघालं. नाशिकच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या माणसाने ओरेगॉनमधला खचलेला सांधा कानाने शोधला, आणि ते शक्य झालं कारण मोटर जवळजवळ आवाज करत नाही.

आता बांधणी. सांगाडा दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपचा, चार फूट लांब आणि सोळा इंच रुंद. वेल्डिंग मी हिवाळ्यातच उरकलं. चाकं पाच इंची, या छंदासाठीच ओतीव काम करणाऱ्या एका पुरवठादाराकडून. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ७.१२५ इंच ठेवायचं, हे इथल्या लाइव्ह स्टीम मंडळींचं, म्हणजे वाफेवर चालणारी छोटी इंजिनं बाळगणाऱ्यांचं, ठरलेलं माप, आणि ते मी चाकं दाबून बसवताना तीन-तीनदा तपासलं. धुरे पाऊण इंची, बेअरिंग साधी खुंटीवर बसणारी, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तशी.

एक गोष्ट मात्र साधी नाही, आणि बरेच नवखे तिथेच फसतात. चार चाकांचा सांगाडा अगदी ताठ बांधला तर पिळलेल्या रुळावर त्याचं एक चाक हवेत उचलतं आणि ट्रॉली रुळावरून उतरते. आणि देखभालीची ट्रॉली तर नेमकी जिथे रूळ बिघडला आहे तिथेच जाणार. म्हणून पुढचा धुरा मी मधोमध एका जाड बोल्टवर टांगला, म्हणजे त्याची डावी-उजवी टोकं तराजूसारखी वर-खाली झुलतात. मागचा धुरा ताठ. तीन पायांचं तिवई कसं डगमगत नाही, तसं. दोन हंगामांत ट्रॉली दोनदाच उतरली, आणि दोन्ही वेळा पॉइंटमध्ये, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, खडा अडकला होता.

मोटर मागच्या, ताठ धुऱ्याला. इथे थोडं गणित करते, कारण किट विकणाऱ्यांच्या पानावर "ताशी पंचवीस किलोमीटर" असं मोठ्या अक्षरात असतं आणि त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. गिअर मोटरच्या बाहेरच्या शाफ्टचे फेरे मिनिटाला साधारण ३००. त्यावर ९ दात्यांचं स्प्रॉकेट, धुऱ्यावर १८ दात्यांचं. म्हणजे धुऱ्याचे फेरे १५०. पाच इंची चाकाचा परीघ ४० सेंटिमीटर. मिनिटाला ६० मीटर, तासाला ३.६ किलोमीटर. माणूस निवांत चालतो तो वेग. क्लबात दोघा-तिघांनी सुचवलं की मागचं स्प्रॉकेट लहान घे, जरा पळू दे. मी ऐकलं नाही. रूळ बघायला निघालेल्या माणसाने चालण्याच्या वेगानेच गेलं पाहिजे. त्याहून वेगात गेलं तर सुटलेला बोल्ट दिसत नाही. आणि कमी वेगाचा दुसरा फायदा म्हणजे ओढ.

ही ओढ मी स्प्रिंगच्या काट्याने मोजली आणि कागदावर हिशेबही केला. मोटर या गिअरिंगवर चाकाशी जवळजवळ ३५ किलोचा जोर देऊ शकते. पण मागच्या धुऱ्यावर, माझ्यासकट, वजन येतं साधारण ८० किलो, आणि कोरड्या रुळावर पोलादाचं चाक त्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच धरून ठेवतं. म्हणजे १६ किलोच्या पुढे चाक घसरतं. आमचा चढ १ इन ५०. ट्रॉली, मी आणि मागे जोडलेला खडीचा भरलेला डबा मिळून ४०० किलो होतात. चढाचे ८ किलो, घर्षणाचे ४, एकूण १२. जमतं. आणि अति भार टाकला तर मोटर जळण्याआधी चाक फिरकी घेतं, म्हणजे हलकी ट्रॉली स्वतःच मोटरची राखण करते. सायकलवर हीच मोटर लोक चढावर जाळतात, कारण रबरी टायर घसरत नाही. रुळावर हे भय नाही. चढ चढून आल्यावर मी दर वेळी मोटरला तळहात टेकवून बघते; हात ठेवता येतो. मीटरवर सपाटीला ३ अँपिअर, चढावर भरल्या डब्यासह ७ ते ८. ३५० वॅटच्या मोटरला हे काहीच नाही.

ऑक्टोबरात मात्र गणित बदलतं. ओकची फळं रुळावर पडतात, चाकाखाली चिरडतात, त्यांचा एक तेलकट लगदा होतो. मग १६ चे ७-८ किलो होतात आणि ट्रॉली जागच्या जागी गुरगुरते. वाळू टाकायचा मोह होतो, पण ती पॉइंटच्या जिभेत जाऊन बसते. मी ट्रॉलीच्या पुढे, दोन्ही रुळांवर टेकतील असे नारळाच्या काथ्याचे दोन ब्रश लावले आहेत. काथ्याचा ब्रश मुद्दाम इगतपुरीहून आणला नाही, इथेच मिळाला, पण हातात घेतल्यावर आईच्या न्हाणीघराचा वास आला.

बॅटरीबद्दल इथेच सांगून टाकते. सगळे लिथियम घ्या म्हणाले. मी शिशाच्या दोन सीलबंद १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तासांच्या घेतल्या, व्हीलचेअरमध्ये असतात त्या. दोन्ही मिळून २०-२२ किलो, आणि त्या मागच्या धुऱ्याच्या बरोबर डोक्यावर ठेवल्या. दुसऱ्या कुठल्याही वाहनात वजन म्हणजे तोटा. इथे तीच चाकाची पकड आहे. शिवाय आमची शेड हिवाळ्यात गोठते, आणि लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. पूर्ण शनिवार काम करून घरी येते तेव्हा बॅटरीतला तिसरा हिस्सा संपलेला असतो.

आता तक्रारी. पहिली कंट्रोलरची, आणि ही सर्वांनी नीट वाचावी.

वेग वाढवायला पिळायच्या हँडलच्या ग्रिपमधून तीन वायरी निघतात. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, हिरवी म्हणजे सिग्नल. ग्रिप सोडलेली असताना हिरवीवर साधारण ०.८ व्होल्ट असतात, पूर्ण पिळली की ४ च्या आसपास. मी ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून, चाकं हवेत ठेवून, एकेक वायर मुद्दाम काढून बघितली. लाल काढली, चाकं थांबली. हिरवी काढली, थांबली. काळी काढली, आणि ग्रिपला हातही लावलेला नसताना चाकं पूर्ण वेगाने फिरायला लागली. ग्राउंड तुटल्यावर ग्रिपमधल्या सेन्सरचा सिग्नल वर चढतो आणि कंट्रोलरला वाटतं की मालकिणीने पूर्ण पिळली आहे. चांगल्या कंट्रोलरमध्ये यावर पहारा असतो. या किटच्या कंट्रोलरमध्ये नव्हता. आणि काळी वायर कसली, तर केसापेक्षा थोडी जाड, प्लॅस्टिकच्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये अडकवलेली. रुळाच्या सांध्यांवर दिवसभर हादरे खाऊन ती कधी ना कधी निसटणारच. त्या दिवशी शेडमध्ये एकटीच होते. फिरणाऱ्या चाकांकडे बघत दोन क्षण तशीच उभी राहिले आणि मग बॅटरीची तार ओढली.

त्यानंतर मी तीन गोष्टी केल्या. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच ३० अँपिअरचा फ्यूज. डाव्या हाताच्या खाली, न बघता थापटता येईल असा मोठा लाल खटका, जो सरळ मुख्य प्रवाह तोडतो, कंट्रोलरला काही विचारत नाही. आणि पिळायच्या ग्रिपऐवजी अंगठ्याने दाबायचा लिव्हर, कारण ट्रॉलीला झटका बसला की माणूस आपसूक हँडल घट्ट धरतो आणि पिळायची ग्रिप मग जास्तच पिळली जाते. सगळे सांधे कापून नवीन लग दाबून बसवले, वर ट्यूब चढवून गरम केली.

दुसरी तक्रार विक्रेत्याबद्दल. नाव देत नाही, कारण हेच किट वेगवेगळ्या पेट्यांतून दहा जण विकतात. पानावर स्पष्ट लिहिलं होतं की कंट्रोलरमध्ये रिव्हर्स आहे. पेटीतल्यात नव्हता. सायकलवाल्याला त्याने फरक पडत नाही. रेल्वेत ट्रॉली वळवायची जागाच नसते, तिला मागे यावंच लागतं. तीन ईमेल केल्या. तिन्हींना तेच छापील उत्तर, आणि शेवटी पुढच्या खरेदीवर दहा डॉलरची सूट. मला सूट नको होती, जे लिहिलं होतं ते हवं होतं. शेवटी मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करणारा वेगळा रिव्हर्सिंग स्विच बसवला. तो चालू ट्रॉलीत फिरवला तर कंट्रोलर जाऊ शकतो, म्हणून मी त्याला एक पत्र्याची खीळ लावली आहे. ब्रेक ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही.

तिसरी गोष्ट फ्रीव्हील. किटमधलं १८ दात्यांचं चाक सायकलच्या मागच्या चाकासारखं एकाच दिशेने ओढतं. ते ठेवलं तर उलट जाता येत नाही, आणि उतारावर मोटरचा जो नैसर्गिक अटकाव मिळतो तोही मिळत नाही. तितक्याच दात्यांचं घट्ट स्प्रॉकेट घेऊन त्याला किल्लीची खाच पाडली आणि धुऱ्यावर बसवलं. किटपेक्षा या एका तुकड्याच्या शोधात माझे जास्त दिवस गेले.

आणि चेन. गेल्या मे महिन्यातला शनिवार. खालच्या वळणावर आमचे तिघं जण गुडघ्यांवर बसून पॅकिंग करत होते, पाठ माझ्याकडे. मी वरून खडीचा भरलेला डबा घेऊन उतरत होते. १ इन ५० चा उतार, मोटर बंद, नुसता तिचा अटकाव पुरेसा असायचा. अचानक पायाखाली "खण" असा एक बारीक आवाज झाला आणि ट्रॉली हलकी झाली. दुसरा शब्द सुचत नाही. इतका वेळ जे धरून होतं ते सुटलं. मागून डब्याने ढकलायला सुरुवात केली. मी लाल खटका दाबला, त्याने काय होणार, मोटर तशीही चाकाला जोडलेली नव्हती. मग ब्रेकचा लिव्हर ओढला. ओकच्या लाकडाचे चार ठोकळे चारही चाकांवर बसले, जळक्या लाकडाचा वास आला, आणि दहा-बारा फुटांत ट्रॉली थांबली. खालच्या तिघांपर्यंत अजून बरंच अंतर होतं. त्यांना कळलंही नाही. मी ओरडून सांगितलं तेव्हा मागे वळले.

मागे चालत गेले तर रुळात चेन पडलेली, आणि तिच्यापुढे हातभर अंतरावर चेनलॉकची ती छोटी पिनेसारखी पत्ती. आपल्याकडे सायकलच्या दुकानात पोरगा पक्कडीने दाबतो ना, तीच. किटसोबत आलेली पत्ती मऊ होती, आणि ट्रॉली सारखी पुढे-मागे जात असल्यामुळे दोन्ही दिशांनी ताण खाऊन ती निसटली. सायकल एकाच दिशेला ओढते, तिथे ती वर्षानुवर्षं टिकत असेल.

ब्रेक चेनवर किंवा मोटरवर अवलंबून ठेवला असता, म्हणजे मोटरच्या शाफ्टवर डिस्क लावायची जी सोपी युक्ती अनेक जण करतात ती मी केली असती, तर त्या क्षणी माझ्या हातात काहीच उरलं नसतं. चारशे किलो आणि खाली पाठमोरी तीन म्हातारी माणसं. ब्रेक थेट चाकांवर पाहिजे, आणि सगळ्या चाकांवर. रात्री अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डब्याला ब्रेक होता का?" नव्हता. पुढच्याच आठवड्यात बसवला, आणि आता उतारावर डब्यावर दुसरा माणूस बसल्याशिवाय भरली खेप खाली येत नाही. अण्णांच्या गँगमध्ये हा नियम असाच होता की नाही ते मी विचारलं नाही. आमच्याकडे तो आता भिंतीवर लिहिलेला आहे.

खर्चाचं म्हणाल तर किट १२८ डॉलरला पडलं. चाकं आणि धुरे त्याच्या तिपटीहून जास्त. लोखंड, बॅटरी, खटके, स्प्रॉकेट, सगळं धरून साडेआठशेच्या घरात गेले. तयार ट्रॉली विकत घ्यायची तर याच्या कितीतरी पट पैसे लागतात, आणि ती आपल्या रुळाच्या दुखण्यांसाठी बांधलेली नसते.

भारतात ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी एक-दोन शब्द. हीच मोटर आपल्याकडे सायकलच्या किटमध्ये सर्रास मिळते. माझ्या भाच्याने नाशकात २५० वॅटची घेऊन जुन्या सायकलला लावली आहे. शेतातल्या फार्महाउसवर, शाळेच्या आवारात छोटे रूळ टाकायचं स्वप्न बघणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांना ३५० ची गरज नाही. चालण्याच्या वेगाला, दोनशे किलोला २५० पुरते. पैसे वाचतील ते ब्रेकवर घाला.

तर किटला माझे पाचपैकी साडेतीन. एकट्या मोटरला पाच. दोन हंगामांत तिचं मी एकच काम केलं: गिअरचं झाकण उघडलं, आत ग्रीस फारच कमी होतं, ते पुसून नवीन भरलं. त्याने किणकिणाट गेला. कंट्रोलरला दोनच्या वर देववत नाही.

क्लबाने आता दुसरी ट्रॉली मंजूर केली आहे, फांद्या वाहून न्यायला. तिच्यासाठी मी या वेळी नुसती मोटर वेगळी मागवली आहे आणि रिव्हर्सवाला कंट्रोलर दुसरीकडून. ऑर्डर करताना फोनवर तीनच प्रश्न विचारले, तुम्हीही विचारा: मोटरवरचं ९ दात्यांचं स्प्रॉकेट घट्ट आहे की फ्रीव्हील, ग्रिपची काळी वायर तुटली तर कंट्रोलर काय करतो, आणि चेनचा जोड पत्तीचा आहे की रिव्हेटचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला लगेच देता आलं, त्याच्याकडून घेतला.